रात्रपाळीतलं नाव

२०२५ची रमजान ईद ३१ मार्चला आली. त्या दिवसांत आमच्या केशोरीत दोन वास एकमेकांत मिसळलेले असतात. एक जंगलाकडून येणारा मोहफुलांचा, दुसरा अंगणात वाळत घातलेल्या मिरचीचा. ईदच्या दुसऱ्या दिवशी मी एका जुन्या विद्यार्थिनीच्या घरी शीरखुर्म्याला गेलो, तेव्हा तिचे अब्बा अंगणात मिरची खालीवर करत होते. लेक पुण्याहून चार दिवसांच्या सुट्टीवर आलेली, पण आत झोपली होती. दुपारचे बारा वाजून गेले होते.

"रात को जागने की आदत पड़ गई उसको," ते म्हणाले. "उधर जब दिन रहता, तब ये काम करती." थोडा वेळ गप्प राहून त्यांनी विचारलं, "मास्टरसाब, एक बात बताओ. अमरिकावाले अपना काम हमकोच काय को देते? उनके पास आदमी नहीं हैं क्या?"

मी सरळ उत्तर दिलं, "भाई, आपण स्वस्तात करून देतो म्हणून."

त्यांनी मूठभर मिरची उचलली, कानाजवळ नेऊन हलवली. बिया खुळखुळल्या म्हणजे मिरची नीट वाळली. मग म्हणाले, "सस्ती मिर्ची तो गुंटूर से भी आती. फिर व्यापारी केशोरी काय को आता?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी मराठी आणि उर्दूचा शिक्षक. शाळेत मराठी शिकवतो, मगरिबनंतर घरी मोहल्ल्यातल्या मुलांना उर्दू. कम्प्युटरशी माझा संबंध ऑनलाइन माहिती भरण्यापुरता. पण आपल्याच विद्यार्थिनीचं पोट ज्या धंद्यावर चालतं, तो देशात आला कसा, हे आपल्याला माहीत नाही याची मला लाज वाटली. गेले काही महिने सवड मिळेल तसं वाचत गेलो. हा लेख म्हणजे त्या अंगणातल्या प्रश्नाला दिलेलं माझं उशिराचं उत्तर आहे.

ज्यांना केशोरी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. गोंदिया जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, अर्जुनी मोरगाव तालुक्यात, गडचिरोलीच्या सीमेला लागून आमचं गाव. आजूबाजूला जंगल, धानाची शेती, जवळच इटियाडोह धरण. बाहेरच्या जगाला आमचा भाग नक्षलवादाच्या बातम्यांतून ठाऊक. उन्हाळ्यात तेंदूपत्ता गोळा होतो आणि कुठल्या कुठे निघून जातो. विडीवर कुणाचं तरी नाव छापलं जातं, पान तोडणाऱ्याचं कुठेच नसतं. मिरचीचं तसं नाही. मिरची इथल्या नावाने ओळखली जाते, म्हणून तिच्याबद्दल आमच्या लोकांना अभिमान आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. परदेशातलं काम भारतात आलं ते एका रात्रीत नाही, आणि फक्त स्वस्त म्हणूनही नाही. सुरुवातीच्या गोष्टींपैकी एक आपल्या पुण्याची आहे. नरेंद्र पटनी अमेरिकेत शिकून तिथेच राहत होते. १९७०च्या आसपास त्यांनी आणि त्यांच्या पत्नी पूनम यांनी आपल्या राहत्या घरात एक प्रयोग केला. एका खोलीला ‘अमेरिका’ म्हणायचं आणि दुसरीला ‘भारत’. दोन्ही खोल्यांतल्या माणसांनी बोलायचं नाही. जे काही सांगायचं ते कागदावर लिहून. नुसत्या लेखी सूचनांवर समुद्रापलीकडचा माणूस बिनचूक काम करू शकतो का, हे त्यांना बघायचं होतं. जमतं असं दिसल्यावर त्यांनी अमेरिकेतले कागद पुण्याला पाठवून इथे टाइप करून घ्यायला सुरुवात केली. तो मजकूर छिद्रं पाडलेल्या कागदी पट्ट्यांवर उतरवून परत अमेरिकेला जायचा. पुढे त्यातून पटनी कॉम्प्युटर सिस्टिम्स उभी राहिली. पटनींकडे काम केलेल्या नारायण मूर्तींनी सहा साथीदारांसह १९८१ मध्ये पुण्यात इन्फोसिस सुरू केली. भांडवल दहा हजार रुपये. दोन वर्षांनी कंपनी बंगळुरूला गेली.

मुंबईत त्याआधीच हालचाल सुरू झाली होती. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने १९७४ मध्ये बरोज या अमेरिकी कंपनीसाठी इथे बसून काम करायला सुरुवात केली. तेव्हा परदेशी कम्प्युटर आणणं म्हणजे परवान्यांचं आणि जकातीचं जंगल पार करणं. १९८५ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स बंगळुरूला आली आणि उपग्रहाच्या मदतीने थेट अमेरिकेशी जोडली गेली. १९८८ मध्ये या धंद्यातल्या कंपन्यांनी एकत्र येऊन नॅसकॉम ही संघटना काढली. १९९० मध्ये सरकारने पहिली सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क काढली ती बंगळुरू, भुवनेश्वर आणि पुण्यात. तिथे कंपन्यांना करात सूट मिळाली. त्याहून महत्त्वाचं म्हणजे परदेशाशी जोडणारी भरवशाची लाइन मिळाली. साधा फोन मिळायला जिथे वर्षानुवर्षं वाट पाहावी लागे, त्या देशात ही मोठीच गोष्ट होती.

तरी परदेशी गिऱ्हाइकाच्या मनात भारताचं चित्र काय होतं? गारुडी, हत्ती, दुष्काळ. अशा देशाला आपल्या बँकेचे हिशेब कोण देणार? म्हणून देशाची जाहिरात करावी लागली. त्या काळात नॅसकॉमचा चेहरा होते देवांग मेहता. शिक्षणाने चार्टर्ड अकाउंटंट. देशोदेशीच्या सभांत उभं राहून ते एकच गोष्ट सांगत, काम भारताला द्या. असाच प्रवास करत असताना एप्रिल २००१ मध्ये सिडनीच्या हॉटेलात त्यांचं निधन झालं. वय फक्त ३८. तिकडे हैदराबादने १९९८ मध्ये हायटेक सिटी उभी केली आणि मार्च २००० मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन त्या शहरात आले. मोठ्या गिऱ्हाइकाने दुकानात पाऊल ठेवलं की बाजारात जशी कुजबुज होते, तसं जगभर झालं.

पण नुसत्या भाषणांनी कुणी दुसऱ्यांदा येत नाही. दुसऱ्यांदा यायला कारण ठरलं वर्ष दोन हजार. मुलांना मी हे शाळेच्या हजेरीपटावरून समजावतो. जुन्या हजेरीपटात आम्ही तारीख लिहिताना १९९९ऐवजी नुसतं ९९ लिहीत असू. जगभरच्या कम्प्युटरांनाही जागा वाचवायला तीच सवय लावली होती. प्रश्न आला ००चा. ते २००० समजायचं की १९००? बँका, विमा कंपन्या, विमानसेवा, सगळ्यांच्या जुन्या प्रोग्रॅमच्या लाखो ओळी तपासून दुरुस्त करायच्या होत्या. किचकट, कंटाळवाणं आणि ठरल्या तारखेला संपवावंच लागणारं काम. भारतातल्या पोरापोरींनी ते वेळेत करून दिलं. शिवाय कामाचा दर्जा मोजणाऱ्या अमेरिकेतल्या परीक्षेत, जिला सीएमएम म्हणतात, सर्वांत वरच्या पाचव्या पायरीवर पोचलेल्या कंपन्यांत भारतीय नावांची गर्दी झाली. परदेशातल्या सल्लागार कंपनीने २००४ पासून असं काम देण्यायोग्य देशांची यादी काढायला सुरुवात केली, तिच्यात भारत पहिला आला आणि पुढेही येत राहिला. ही यादी फक्त मजुरी बघत नाही. माणसं किती शिकलेली आहेत आणि धंदा करणं किती सोपं आहे, तेही बघते.

म्हणजे भाईंचं बरोबर होतं. व्यापारी पहिल्या वर्षी भाव बघून येतो. दुसऱ्या वर्षी पोतं उघडल्यावर आत काय निघालं होतं, ते आठवून येतो. वर लाल मिरची आणि खाली ओली निघाली, तर भाव कितीही कमी केला तरी तो फिरकत नाही. आज या धंद्यात देशात लाखो माणसं काम करतात. त्या सगळ्यांचं वाळवलेलं पोतं म्हणजे भारताचं नाव.

इथे थांबलो असतो तर लेख गोड झाला असता. पण माझी एक चूक सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही.

हैदराबादचा उल्लेख वर आला. त्या शहरात १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ निघालं आणि तिथे विज्ञान, वैद्यक, इंजिनीअरिंग असे विषय उर्दूतून शिकवले जात. पुस्तकं भाषांतरित करायला वेगळा विभाग होता. मराठवाडा तेव्हा त्याच राज्यात होता, त्यामुळे आपल्या मराठी मुलांनीही तिथे उर्दूतून धडे घेतले. तेच शहर ऐंशी वर्षांनी जगापुढे उभं राहिलं तेव्हा इंग्रजीत बोललं. त्यात गैर काही नाही, गिऱ्हाईक ज्या भाषेत बोलतं त्या भाषेतच दुकानदार बोलतो. पण देशाची ओळख ‘इंग्रजी बोलणारी स्वस्त, हुशार माणसं’ अशी झाली, तेव्हा उर्दू आणि मराठी शाळेतली मुलं त्या चित्रात नव्हती. हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. आमचं आम्हीच समजून घेतलं.

२००३ मध्ये मी नागपुरात बीएड करत होतो. रोज वर्तमानपत्रात कॉल सेंटरच्या जाहिराती यायच्या. पगाराचा आकडा शिक्षणसेवकाच्या मानधनाच्या कितीतरी पुढे. खोलीतल्या मित्राबरोबर मीही एका हॉटेलात मुलाखतीला गेलो. समोरच्या बाईंनी स्वतःबद्दल बोलायला सांगितलं. मी पहिल्याच वाक्यात अडखळलो. दुसरं वाक्य सुचेपर्यंत त्यांनी हसून धन्यवाद म्हटलं होतं. मित्र पुण्याला गेला. मी परत आलो आणि स्वतःला समजावलं की हे काम आपल्या लोकांसाठी नाहीच.

स्वतःची समजूत काढण्यापुरतं ते ठीक होतं. पण २०१२ मध्ये दहावीतली एक मुलगी वर्गानंतर थांबून मला म्हणाली, "सर, मला कम्प्युटरचं शिकायचं आहे." गणितात वर्गात पहिली. मी तिला म्हटलं, "बेटा, त्यात इंग्रजी फाडफाड लागतं. तू डीएड कर. आपल्या मुलींना तेच बरं." माझं न जमलेलं मी तिच्या दप्तरात घातलं. ती काही बोलली नाही. तिच्या अम्मीने मात्र दुसऱ्या दिवशी शाळेत येऊन मला विचारलं, "मास्टरसाब, आप को आती क्या इंग्लिश? फिर आप को कैसे मालूम इसको नहीं आयेंगी?"

ती आता पुण्यात रात्रपाळी करते. गोंदियात बीसीए केलं. इंग्रजी मोबाइलवर ऐकून ऐकून शिकली, मग नागपुरात एका कंपनीत लागली आणि तिथून पुण्याला गेली. माझ्या सल्ल्यामुळे नाही, तो न ऐकल्यामुळे.

त्या दिवशी ती उठून बाहेर आली, सलाम केला, वाटीत शीरखुर्मा घेऊन ओट्यावर बसली. अब्बांचा प्रश्न तिला सांगितला तेव्हा हसली. मग मी तिला कामाबद्दल विचारलं. पहिल्या नोकरीत महिनाभर उच्चार शिकवले. शेवटच्या दिवशी नाव निवडायला सांगितलं. पडद्यावर नावांची यादी होती, तिथल्या लोकांना सोपी जाणारी. "पाच मिनिटं दिली होती, सर," ती म्हणाली. "माझ्या अकीक्याला दादीजानने सात दिवस विचार करून नाव ठेवलं होतं म्हणे."

नाव फक्त तिचंच बदललं नव्हतं. शेजारच्या खुर्चीवरचा नाशिकचा मुलगा, पलीकडची साताऱ्याची मुलगी, सगळ्यांना यादीतलं एकेक नाव मिळालं होतं. म्हणून ते तिला अपमानासारखं वाटलं नाही. "हेडसेट काढला की नावही टेबलावर ठेवून यायचं. तिथलं तिथेच." तिला लागलं ते वेगळंच. पुण्यात खोली शोधताना ती आणि तिची मैत्रीण घरं बघत फिरत होत्या. भाडं ठरायचं, अनामत ठरायची, मग नाव विचारलं जायचं. नाव सांगितलं की घरमालकाला अचानक आठवायचं, खोली तर भाच्यासाठी ठेवली आहे. तीन ठिकाणी भाचा निघाला. चौथ्या ठिकाणी एका आजींनी नाव ऐकून फक्त एवढंच विचारलं, "रात्री उशिरा येणार असशील तर फाटकाची किल्ली वेगळी करून घे." तिथे ती आजही राहते.

ती म्हणाली, "सर, रात्री परदेशातल्या माणसाला माझं नाव जड जातं, ते मी समजू शकते. त्याने कधी ऐकलेलंच नसतं. पण दिवसा ज्यांना जड जातं, त्यांनी तर ते ऐकलेलं असतं."

यावर मी काय बोलणार? अब्बा मान खाली घालून मिरची निवडत राहिले. देशाची जाहिरात करणारे पुस्तकांत, सभांत सांगत आले की आमच्याकडे नाना धर्मांचे, भाषांचे लोक आहेत, हीच आमची ताकद. बाहेर सांगितलेलं हे वाक्य घरमालकाच्या दारापर्यंत पोचायला हवं. ज्या मुलीच्या गोड बोलण्यावर देशाचं नाव होतं, तिला देशातच आपलं नाव सांगताना आवंढा गिळावा लागू नये. माझी एवढीच तक्रार आहे.

तिने आणखी एक प्रसंग सांगितला. २०२०च्या टाळेबंदीत कंपनीने सगळ्यांना घरी पाठवलं. जूनमध्ये ती कशीबशी केशोरीला पोचली. कंपनीचा लॅपटॉप सोबत होता. घरात नेटवर्क नाही. सज्जावर, पाण्याच्या टाकीशेजारी दोन दांड्या यायच्या. तिथे ताडपत्री बांधली. दिवसभर लाइट जा-ये करायची, पण तिचं काम रात्री, आणि रात्री गाव झोपल्यावर नेटवर्कही बरं चालायचं. बहुतेक काम लिहून उत्तर देण्याचं होतं, कधीमधी फोनवर बोलावं लागे. जुलैच्या एका रात्री ताडपत्रीवर धो धो पाऊस कोसळत होता. पलीकडच्या म्हाताऱ्या बाईंनी विचारलं, हा कसला आवाज? हिने सांगितलं, पाऊस. कुठे पडतोय, असं त्यांनी विचारलं. ठिकाण सांगायचं नाही असा नियम होता. ही म्हणाली, "माझ्या गावात." त्या बाई थोडा वेळ गप्प राहून ऐकत राहिल्या. मग आपल्या बिलाकडे वळल्या.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सरकारने अशा कंपन्यांसाठीचे नियम सैल केले आणि घरून काम करायला रीतसर वाट मोकळी झाली. मी तेव्हापासून विचार करतो. जे काम केशोरीच्या सज्जावरून झालं, त्यासाठी पोरांना गाव का सोडावं लागतं? सरकारने याचा विचार केला नाही असं नाही. लहान शहरांत अशी केंद्रं निघावीत म्हणून इंडिया बीपीओ प्रमोशन स्कीम आली. ४९३ कोटींची तरतूद, ४८,३०० खुर्च्यांचं उद्दिष्ट, एका खुर्चीमागे एक लाख रुपयांपर्यंत मदत. मुंबई, पुणे, बंगळुरू, हैदराबाद अशी मोठी शहरं त्यातून मुद्दाम वगळली होती. विचार चांगला होता. पण लहान शहर म्हटलं की डोळ्यांसमोर जिल्ह्याचं ठिकाण येतं. नागपूरच्या मिहानमध्ये टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल आल्या, आमच्या विदर्भातल्या मुलांची सोय झाली. केशोरीहून नागपूर गाठायला मात्र आजही अख्खी सकाळ बसमध्ये जाते.

आता या धंद्यात नवी दुकानं उघडली आहेत. फोनवर बोलण्याच्या कामात फिलिपिन्सने भारताला केव्हाच गाठलं. बांगलादेशची मुलं घरी बसून जगभरची चित्रं आणि वेबसाइट बनवतात. केनियासारखे देश सांगतात, आमच्याकडे या. ‘टाइम’ नियतकालिकाने जानेवारी २०२३ मध्ये नैरोबीतल्या कामगारांची हकीकत छापली. चॅटजीपीटीला सभ्य बोलायला शिकवण्यासाठी त्यांनी इंटरनेटवरचा किळसवाणा मजकूर दिवसचे दिवस वाचून वेगळा काढला. मजुरी तासाला दोन डॉलरपेक्षा कमी. स्वस्त म्हणून स्वतःला विकणाऱ्या देशाला उद्या त्याहून स्वस्त देश भेटतोच. आणि आता तर माणसाहून स्वस्त यंत्र आलं आहे. माझी विद्यार्थिनी सांगत होती, तिच्या टोळीत पूर्वी चाळीस जण होते, आता अठरा आहेत. पहिलं उत्तर यंत्र देतं. यंत्र अडलं की माणूस.

"मग तुझं काय?" मी घाबरून विचारलं.

"मी यंत्राच्या चुका काढते, सर. तुम्ही आमच्या वह्या तपासायचे तसं."

यात थोडी आशाही आहे, आणि तीही आमच्याच भाषांच्या बाजूने. यंत्राला मराठी, उर्दू समजायची तर त्याला माणसांचे आवाज ऐकवावे लागतात. पालघर जिल्ह्यातल्या एका आदिवासी गावात लोकांनी मोबाइलवर मराठी वाक्यं वाचून दाखवली आणि त्याचे पैसे मिळवले. कार्या नावाच्या प्रकल्पाचं ते काम होतं. केंद्र सरकारने २०२२ मध्ये भाषिणी सुरू केली, तिथेही आपल्या भाषांतले आवाज आणि वाक्यं गोळा होतात. ज्या भाषांमुळे आम्ही चित्राबाहेर राहिलो, त्याच भाषा आता मागितल्या जात आहेत. मी याने हुरळून जात नाही. एकेक वाक्य मोजून पैसे मिळणारं काम तेंदूपत्त्याच्या पुड्यासारखंच असतं. हंगाम संपला की संपलं. पुड्यावर आपलं नाव राहतं की नाही, हेही बघावं लागेल. पण इंग्रजी येत नाही म्हणून एखाद्या मुलीला परत पाठवायचं कारण आता माझ्याकडे उरलेलं नाही.

सध्या संध्याकाळी उर्दू शिकायला येणाऱ्यांत नववीतल्या दोघी आहेत. उर्दूचा धडा संपला की अर्धा तास आम्ही तिघं मिळून इंग्रजी वाचतो. मीही शिकतोय. माझे उच्चार त्या दुरुस्त करतात आणि तोंडावर हात ठेवून हसतात. पुढे काय व्हायचं ते त्या ठरवतील. काय होता येणार नाही, हे सांगायचं मी सोडून दिलं आहे.

या लेखात मी विद्यार्थिनीचं नाव दिलेलं नाही. तिला विचारलं होतं, नाव बदलून लिहू का? ती म्हणाली, "नको सर, एकदा बदललंय तेवढं पुरे. त्यापेक्षा लिहूच नका." तसंच केलं.

त्या दिवशी निघताना अब्बांनी मला थांबवलं. मिरचीची सात पोती शिवून तयार होती. दुसऱ्या दिवशी गावातल्या चार शेतकऱ्यांचा माल एकाच गाडीतून नागपूरच्या कळमना बाजारात जाणार होता. त्यांनी माझ्या हातात काळ्या रंगाचा डबा आणि ब्रश दिला. पोत्यांवर नाव घालायचं होतं.

"अच्छा साफ लिखो मास्टरसाब," ते म्हणाले. "पूरा नाम. गाव का भी."

मी सातही पोत्यांवर त्यांचं पूर्ण नाव लिहिलं. खाली लिहिलं, केशोरी.